अर्धा सूर खाली

गुऱ्हाळं सुरू झाली की मी चिडचिडी होते. घरातल्यांना हे आता पाठ झालंय. थंडी पडते, बावड्याच्या मळ्यांतून चिपाडाचा धूर उठतो, काहिलीत उसाचा रस उकळायला लागतो आणि तो गोड, जरासा जळकट वास दुपार कलली की खिडकीतून आत येतो. आलेले पाहुणे लांब श्वास घेतात, काय वास आहे म्हणतात, बाटलीभर काकवी मागून नेतात. मी खिडकी लावून घेते. माझे यजमान वीज मंडळात आहेत; त्यांची बदली कोल्हापुरात झाल्यापासून आम्ही बावड्यात, माझ्या माहेरच्याच घरात राहतो. ते फार खोलात शिरत नाहीत. "हिचा हंगाम सुरू झाला," एवढंच म्हणतात आणि आपला चहा आपण करून घेतात.

खरं काय ते सरळ सांगून टाकते. त्या वासाबरोबर मला शकू आठवते, आणि शकू आठवली की पोटात दुखतं. हेवा म्हणतात त्याला. मत्सर म्हटलं तर नाटकातल्या राणीला होतो तसा वाटतो, असूया म्हटलं तर दुसऱ्याच कुणाला तरी झाल्यासारखी वाटते. हेवा हा आपल्या घरातला आहे. तेरा वर्षं तो माझ्याबरोबर राहतोय. लग्नात माझ्याबरोबर सासरी आला, बाळंतपणाला माहेरी आला, आणि गुऱ्हाळाच्या दिवसांत तर पाटावर माझ्याआधी येऊन बसतो.

यंदा काहिली पेटून आठ दिवस झाले नसतील, तोवर कुरिअरवाला एक पातळ पाकीट देऊन गेला. आत सीडी. कव्हरवर एका जुन्या, काळपट व्हायोलिनचं चित्र. तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या संगीतकारांच्या रचना: काही कॉन्चेर्टो, म्हणजे एखाद-दुसरं व्हायोलिन पुढं आणि बाकीचा ताफा मागं, आणि काही सोनाटा, म्हणजे व्हायोलिन एकटंच आपलं म्हणणं मांडतंय आणि साथीला एखादं वाद्य. सगळ्या नावाजलेल्या, अनेकांनी अनेकदा वाजवलेल्या चिजा, पण हे ध्वनिमुद्रण कोरं, याच वर्षी झालेलं. मागच्या बाजूला वादकांची नावं मुंगीएवढ्या अक्षरांत होती. वरून दुसरं नाव, शकुंतला कांबळे. आत एक चिठ्ठी होती, तिच्या त्याच तिरक्या अक्षरात: 'सुमे, सहावं आधी ऐक. आपल्या व्होल्टेजवर हाय. पंधरा दिवसांत हातकणंगल्याला येतोय. बावड्याला येऊन जातो.'

आमच्याकडच्या बायका 'येतो, जातो'च म्हणतात, त्यात काही विशेष नाही. पण इतकी वर्षं परदेशात काढून ती अजून 'येतो' म्हणते, याचाही मला राग आला. निदान बोलणं तरी बिघडायला हवं होतं. काहीतरी तिचं बिघडायला हवं होतं.

मी सहावं आधी ऐकलं नाही. तिनं सांगितलं म्हणून मी का ऐकू. मी शाळेत गणित शिकवते. लाल पेन घेऊन पेपर तपासायला बसते तशी बसले आणि पहिल्यापासून सुरू केलं. पहिल्या कॉन्चेर्टोत चूक सापडली नाही. दुसऱ्यातही नाही. तिसरा होता सोनाटा, तो तिचा एकटीचा. संथ भागात एका ठिकाणी तिचा गज तारेवर जरा खरखरला. मी मागं घेऊन पुन्हा ऐकलं. हो, खरखरला. मी उठून चहा टाकला आणि त्या दिवशी पहिल्यांदा चहा गोड लागला. मग पुन्हा ऐकायला बसले, तर ती खरखर मला आवडायला लागली, बोलता बोलता माणसाचा आवाज जरा बसावा तशी ती होती. चहा तिथंच निवून गेला.

ती खरखर आमच्या सरांच्या गजाची. चौगुले सर मंगळवार पेठेत माळ्यावरच्या एका खोलीत व्हायोलिन शिकवायचे. तरुणपणी ते कोल्हापुरातल्या सिनेमाच्या स्टुडिओत वादक होते. स्टुडिओ थंडावले तशा त्यांनी शिकवण्या धरल्या. आपल्या पद्धतीनं, मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून ते शिकवायचे. तारा कशा लावायच्या, याचा फार बाऊ नव्हता. "सा कुठंही धर," ते म्हणायचे. "आपला गळा जिथं बसतोय तिथं सा. कुणाच्या बापाचं भय हाय?" त्यांचं स्वतःचं व्हायोलिन एका गाणाऱ्या बाईंच्या गळ्यापुरतं उतरवून ठेवलेलं असायचं, आणि त्यावरून आम्ही आमची लावायचो.

त्यांच्याकडं मुलं डझनभर होती, पण टिकून राहिलेल्या आम्ही दोघीच. मी बावड्याची, शकू हातकणंगल्याची. दोघीही अकरावीत. ती पॅसेंजरनं यायची, कॉलेज करायची, शिकवणी करायची, पुन्हा पॅसेंजरनं जायची. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. मला सुरुवातीला ती फार आवडायची, हे लिहून ठेवलं पाहिजे. नाहीतर वाटायचं, मी जन्मापासूनच अशी.

त्या वर्षी दिवाळीनंतर सरांनी आम्हा दोघींना थांबवून घेतलं. फळीवरून एक कॅसेट काढली. स्टुडिओतल्या कुणा जुन्या दोस्तानं मुंबईहून धाडलेली, कॉपीवरून कॉपी केलेली. तिच्यात दोन व्हायोलिनांचा एक कॉन्चेर्टो होता. सोबत त्याचं नोटेशन, झेरॉक्सवर झेरॉक्स मारून पुसट झालेलं. सर म्हणाले, पुण्याच्या एका संगीत विद्यालयातल्या मॅडम फेब्रुवारीत कोल्हापूरला येणार आहेत. मिशनच्या शाळेत पियानो आहे, तिथं परीक्षा घेतील. एक मुलगी निवडतील. तिचं शिकणं, राहणं, सगळं विद्यालयाकडं.

"एकच?" मी विचारलं.

"एकच. दोघींनीबी जीव लावून वाजवा. मग ज्याचं त्याचं नशीब."

शकूनं नोटेशन पुढं ओढून घेतलं. ती कधीच काही विचारायची नाही. हीच तिची वाईट खोड. मी विचारायची, सर सांगायचे, आणि ती ते ऐकून घेऊन माझ्याआधी करून दाखवायची.

त्या चिजेची गंमत अशी आहे की तिच्यात दुसरं व्हायोलिन आधी सुरू होतं. ते आपलं म्हणणं सांगून होतंय तोवर पहिलं येतं, तेच म्हणणं वरच्या सुरात सांगतं आणि मग दोघं एकमेकांच्या पुढं-मागं पळत राहतात. कोण कुणाच्या मागं आहे हे कळेनासं होतं. परीक्षेत प्रत्येकीनं पहिलं वाजवायचं आणि दुसरं मॅडम वाजवणार, असं ठरलं होतं. म्हणून सरांनी न्याय लावून दिला: एक आठवडा मी पहिलं, ती दुसरं. पुढच्या आठवड्यात उलट. माझा पहिल्याचा आठवडा असला की मी तिला गाडीपर्यंत सोडायला जायची. तिचा असला की मला डोकं दुखायचं.

सराव आमच्याकडं व्हायचा, कारण टेप आमच्याकडं होती. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, त्याच दिवाळीला आणलेली. "आमच्याकडं टेप न्हाय," शकूनं पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. कॅसेट माझ्याच घरात राहिली. आमचं घर चुलत्यांच्या गुऱ्हाळाला लागून. खोलीत आम्ही उभ्या राहून वाजवायचो, हे उभं राहणं नवीन होतं, आई म्हणायची, "वरातीतल्यागत काय उभ्या राह्यलाय गं, बसा की." बाहेर ऊस पिळणाऱ्या चरकाचा एकसुरी आवाज, ट्रॉलीतून ऊस पडतोय, गुळव्या कुणावर तरी ओरडतोय, आणि आत आम्ही दोघी तीनशे वर्षांपूर्वीचं कुणाचं तरी मन उलगडतोय. गजाला राळ लावायची तर बोटं गुळानं चिकट असायची. आई, शकू तिला काकी म्हणायची, दोन पेले दूध आणून ठेवायची. शकूच्या पेल्यात साय जास्त असते, अशी माझी खात्री होती.

आता चरकाबद्दल सांगायला हवं. चरक विजेच्या मोटारीवर चालायचा. त्याच डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, नदीकाठच्या शेतांचे पंप. हंगामात हे सगळं एकदम सुरू असायचं, त्यामुळं घरात बल्ब लाल, पंखा नावापुरता आणि टेप जड. जड म्हणजे कॅसेट सावकाश फिरायची आणि सूर खाली यायचा. मापून सांगायचं तर अर्धा सूर खाली. जे गाणं पेटीच्या पांढरी सहावर असायला हवं ते काळी चारवर. पण आम्हाला कुठं माहीत होतं. आम्ही जसं ऐकलं तशा तारा उतरवल्या, तसंच पाठ केलं. दोघींचं जुळत होतं, टेपशीही जुळत होतं. सरांपुढं वाजवलं तेव्हा ते जरा थबकले. म्हणाले, "खाली लावलंय वाटतं. ऱ्हाऊ दे. दोघींचं एक हाय न्हवं? मग झालं." जन्मभर सा कुठंही धरलेला माणूस तो. त्याला यात खटकण्यासारखं काही नव्हतंच.

मार्गशीर्षात एकदा शकूनं कॅसेट रविवारपुरती मागून नेली. टेप नसलेल्या घरात कॅसेट नेऊन काय करणार, मी विचारलं. "आईला दाखवतो," ती म्हणाली. मला हसू आलं आणि जरा कीवही आली. सोमवारी तिनं कॅसेट धुतलेल्या रुमालात गुंडाळून परत आणून दिली.

एकदा मीही तिच्या घरी गेले होते. रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर, बाहेर पारिजातक. तिची आई म्हणाली, "जय भीम, ये बाय, बस." आणि माझ्यापुढं मुरमुऱ्यांची ताटली ठेवली. घरात जागा नव्हती म्हणून शकू मागच्या विहारात वाजवायची. सकाळची वंदना उरकली की विहार रिकामाच असायचा. पांढऱ्या भिंती, गार फरशी, कोपऱ्यात कुलूप घातलेलं एक कपाट, त्यात भोंगा आणि वंदनेच्या कॅसेटा. तिथं तिनं दोनच ओळी वाजवल्या, आणि आवाज असा भरून राहिला की मला आमची गुळाच्या पोत्यांनी भरलेली खोली आठवून लाज वाटली. म्हणजे तिच्याकडं टेप नव्हती याचं सुख, आणि विहार होता याचं दुःख, असं मी एका दिवसात दोन्ही भोगून आले.

अमावास्येला आमच्याकडं गुऱ्हाळ बंद असतं. चूल थंड, चरक गप्प, माणसं आपापल्या गावी. त्या दिवशी शिकवणीलाही सुट्टी, आणि एरवी त्या दिवशी आम्ही देवाला नाहीतर आजोळी जायचो. पौषातल्या अमावास्येला मात्र मी घरीच होते. टेप लावली आणि दचकले. तीच चीज, पण तरतरीत, वरच्या सुरात, पाठीमागं कुणी लागल्यासारखी. मला वाटलं, टेप बिघडली. व्हायोलिन जुळवून बघितलं तर जुळेना. आप्पांना विचारलं. ते दाढी करत होते.

"चरक बंद हाय न्हवं," ते म्हणाले. "आज करंट पुरा आलाय."

दुसऱ्या दिवशी चरक सुरू झाला आणि टेप पुन्हा खाली आली. मी गावातल्या शाळेत जाऊन नोटेशनमधले सूर पेटीवर पडताळले. अमावास्येचं खरं होतं, आमचं रोजचं खोटं. आणि त्याचबरोबर दुसरीही गोष्ट माझ्या ध्यानात आली. सर सांभाळून घेतील, पियानो सांभाळून घेणार नाही. त्याचे सूर ठोकून बसवलेले. परीक्षेत जी खाली लावून जाईल ती संपली.

परीक्षेला आठ दिवस होते. शकू त्या संध्याकाळी आली, तिनं व्हायोलिन काढलं, खाली लावलं. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मग आई दूध घेऊन आली, आणि मी तिच्या पेल्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं. एवढंच झालं. याहून मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही, आणि मी पुष्कळ शोधलंय. आठ दिवस मी तिच्या शेजारी उभी राहून खोट्या सुरात वाजवत राहिले. वर लावून सराव करायची सोय नव्हती; आई, चुलत्या, गुऱ्हाळावरचे गडी, कुणीतरी शकूला बोललं असतं, आणि टेपही तशी वाजली नसती. ठरवलं, आत गेल्यावर पियानोचा सूर मागायचा आणि तारा चढवायच्या.

परीक्षेच्या दिवशी मिशनच्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही एका बाकावर बसलो. तिनं माझ्याकडं बघून तारा लावल्या, मी तिच्याकडं बघून. खाली, नेहमीसारख्या. माझं नाव आधी पुकारलं गेलं. आत मॅडम होत्या, बॉबकट, कॉटनची साडी, हसऱ्या. पियानोवर एक म्हातारे गृहस्थ. मी सूर मागितला आणि खुंट्या पिळल्या. लागलं. वाजवायला सुरुवात केली. पण तीन महिने ढिल्या राहिलेल्या तारा एकदम ताणल्या की त्या तिथं थांबत नाहीत. दुसऱ्या पानावर माझा सूर घसरायला लागला. मी बोटं सरकवून सावरत होते, आणि जितकं सावरत होते तितकं जास्त घसरत होतं. संथ भाग सुरू होण्याआधी मॅडमनी आपला गज थांबवून हात वर केला. "छान, बाळ. पुरे," म्हणाल्या.

बाहेर शकूनं विचारलं, "कसं झालं?"

"बरं झालं," मी म्हणाले. तेव्हाही सांगितलं नाही. तेव्हा तर मुळीच नाही.

ती आत गेली. मी आणि सोबत आलेले सर दाराला कान लावून उभे. पियानोवर एक सूर वाजला. मग खुंट्यांचा आवाज, एक, दोन, तीन, चार. मिनिटभरात चारी तारा वर, स्वच्छ. आणि मग तिनं वाजवलं. शेवटपर्यंत वाजवलं. संथ भागात पियानोवाले गृहस्थ मधेच थोडं हळू झाले, तिला ऐकायला. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघ. आत जाऊन पियानो ऐकला आन् फटदिशी वर घेतलं. शिकवून येत न्हाय हे. कान हाय पोरीला."

कान हाय पोरीला. हे तीन शब्द मी तेरा वर्षं जपलेत. मेहनतीचा हेवा करता येत नाही, फार तर आपणही करू म्हणता येतं. पैशाचा हेवा दोन दिवस टिकतो. पण कान. देवानं एकीला दिला, दुसरीला दिला नाही, आणि दोघींना एकाच बाकावर बसवलं. मी लबाडी केली, तीही फुकट गेली, कारण तिच्याकडं कान होता. ती पुण्याला गेली, तिथून पाच वर्षांनी परदेशी. तिची आई दर बातमीला पेढे घेऊन बावड्यापर्यंत यायची, आणि मी ते पेढे खायची. सर गेले तेव्हा शेवटच्या आजारपणातही त्यांनी विचारलं, "शकूचं काय?" मी उशाशी बसले होते. पाणी मी पाजत होते.

आणि आता ही सीडी. सहावं मी तिसऱ्या दिवशी ऐकलं. तोच दोन व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो. पहिलं व्हायोलिन कुणा परदेशी माणसाचं, दुसरं शकूचं. दुसरं आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. असं बरं वाटणं चांगलं नाही, पण वाटलं. मग सूर कानावर पडला आणि मी उभी राहिले. ते खाली होतं. अर्धा सूर खाली, काळी चार, बावड्याच्या चरकाच्या हिशेबानं अगदी बरोबर. सीडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की त्या काळी युरोपात पुष्कळ ठिकाणी सूर आजच्यापेक्षा खालीच लावत. म्हणून या मंडळींनी जुन्या धर्तीची वाद्यं घेतली, आतड्याच्या तारा चढवल्या आणि मुद्दाम अर्धा सूर उतरवला. त्यांनी त्यासाठी केवढा अभ्यास केला होता. आम्हाला ते पंपांनी आणि चरकानं करून दिलं होतं.

यजमानांना सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "त्या वेळी बावड्याच्या डीपीवर लोड फारच होता." मग चहाचा घोट घेऊन, "आता तसं न्हाय. आता व्होल्टेज चांगलं असतंय." त्यांना वाटलं, मी तक्रार करतेय.

शकू खरंच आली. भर दुपारी, रिक्षानं, पाठीला व्हायोलिनची पेटी. केस आखूड, चष्मा, बाकी तीच. गुऱ्हाळाकडं बघत दारातच उभी राहिली. चुलत्यांनी अजून चालवलंय, आजूबाजूला प्लॉट पडलेत तरी. चुलत्यांचा मुलगा ताज्या गुळाचा तुकडा घेऊन आला, म्हणाला, "घ्या पावणं," आणि शकू हसली. मग आत आली आणि त्याच खोलीत, त्याच खिडकीशी बसली. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. सीडी छान आहे म्हणायचं, जेवायला घालायचं, पाठवून द्यायचं. पण ती म्हणाली, "काकी कुठाय? त्यांच्या हातचं दूध प्यायचंय," आणि मला राहवेना.

"शकू, तुला एक सांगायचं हाय."

"सांग की."

"तवा मला ठाव होतं. टेप खाली वाजतीया ते. परीक्षेआधी आठ दिवस कळलेलं, अमावास्येला. तुला सांगितलं न्हाय. मुद्दाम."

तिनं गूळ खाली ठेवला. बोटं रुमालाला पुसली. "कुठल्या अमावास्येला?"

"पौषातल्या."

"मग मी तुझ्या आधी," ती म्हणाली. "मला मार्गशीर्षातच कळलेलं. रविवारची कॅसेट नेलती न्हवं? विहारात टेप होती, वंदनेची. रेल्वेच्या लाईनवर करंट पुरा असायचा. लावली आन् बघतोय तर काय, सगळं वर."

"मग व्हरांड्यात खाली का लावलीस?"

"तू बघत हुतीस म्हणून."

"आन् आत जाऊन मिनिटात चारी तारा…"

"दोन महिने तेच तर करत होतो. विहारात वर लावून वाजवायचं. तुझ्याकडं यायच्या आधी स्टेशनवर बसून उतरवायचं. परत गेलो की चढवायचं. रोज. खुंट्या गुळगुळीत झाल्या माझ्या." ती खिडकीकडं बघत म्हणाली, "तुझ्याकडं टेप होती, आपली खोली होती. गाडी चुकायची भीती नव्हती. तू सरांना धडाधडा विचारायचीस, मला विचारायला तोंड उघडायचं न्हाय. तुझा पहिल्याचा आठवडा असला की मला वाटायचं, हिचं एक बोट मोडू दे. आन् काकी तुझ्या पेल्यात साय जास्त घालायच्या."

"तुझ्या," मी म्हणाले.

"तुझ्या," ती म्हणाली.

मला राग यायला हवा होता. माझ्यापेक्षा सात आठवडे जास्त लबाडी तिनं केली होती, आणि तीही यशस्वी. जागा तिनं नेली, पुणं नेलं, सीडीवरचं नाव नेलं. ते काही परत येणार नव्हतं. पण मी तेरा वर्षं ज्या कानाचा हेवा केला तो कान नव्हताच. दोन महिन्यांची मेहनत होती आणि माझ्यासारखंच जळणं होतं. मी रोज संध्याकाळी जिच्या शेजारी उभी राहून जळत होते, ती माझ्या शेजारी उभी राहून जळत होती. माझ्यावर. बावड्याच्या सुमीवर कुणी जळलं होतं. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं मला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

"राग आला?" तिनं विचारलं.

"न्हाय," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

मग मी कपाटावरून माझं व्हायोलिन काढलं, तिनं तिचं. सहावं वाजवायचं ठरलं, खालच्या सुरात. पहिलं कुणी, यावर थोडी बाचाबाची झाली. शेवटी एकदा ती आणि एकदा मी, असा सरांचाच न्याय लावला. बाहेर चरक चालू होता. आम्ही समोरासमोर बसून तारा लावल्या. तिनं माझ्याकडं बघून लावल्या, मी तिच्याकडं बघून. आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले, तिनं चष्मा पुसायच्या निमित्तानं मान वळवली, तेव्हा शेजारच्या सीडी प्लेअरच्या बटणावर, सूर खरंच तेवढाच खाली आहे ना ते चोरून पडताळायला, दोघींचेही हात एकदमच पडले.